गुलाबरावांचा सल्ला

हे मी कोणाजवळ बोलले नाही — नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. आज तुम्ही ऐका.

वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि मी हिंगणघाटला मुलींच्या एका शाळेत शिकवत होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवात बायकांना हसवायला मी एक माणूस रचला — गुलाबराव, पेन्शनर तहसीलदार. धोतर, वडिलांचा काळा कोट, मफलर, डिंकाने चिकटवलेली मिशी. आवाज माझा मुळातच घोगरा. बायका हसून लोटपोट झाल्या. पण घरात कोणीही सोंग करील — बाजारात टिकलं तर खरं! मग बाजाराच्या दिवशी, शाळा सुटल्यावर, गुलाबराव हॉटेलात चहा पिऊ लागले, तपकीर ओढू लागले, लोकांना कायदा शिकवू लागले. एकानेही ओळखलं नाही. फुशारकी म्हणा हवं तर, पण ही कला जिल्ह्यात दुसऱ्या कोणाकडे नव्हती.

एकदा समोर किसनाजी येऊन बसला. कापसाच्या जिनिंगमधला हमाल. त्याची वेणू माझ्याच वर्गात, सातवीत पहिली आलेली. तिला पुढे शिकवा म्हणून मी दोनदा त्याच्या अंगणात जाऊन आले होते. त्याने मला ओळखलं? छे! हात जोडून म्हणाला, "साहेब, पोरीले शिकवू का तिचं लगन करून देऊ? शाळेतली बाई तर मांगंच लागली हाये."

"पोरीले शिकवा" — दोन शब्द पुरे होते. बाईचं त्याने ऐकलं नव्हतं, साहेबाचं ऐकलं असतं. पण गुलाबराव असं कसं बोलतील? तो माणूस तसा नव्हताच — मीच त्याला घडवला होता. आणि सगळं हॉटेल कान देऊन बसलेलं... सोंग आणलं की पुरतं आणावं, नाही का? मी चिमूटभर तपकीर ओढली. "बाईमाणसाचं काऊन ऐकता? उजवून टाका पोरीले."

हॉटेल हसलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आठ दिवसांनी वेणूचं नाव पटावरून कमी झालं. "रागावू नका बाई," किसनाजी म्हणाला, "मोठ्या साहेबानं सांगतलं." मिशी घरी ट्रंकेत होती — दाखवायला कितीसा वेळ लागला असता? नोकरी जाईल म्हणून गप्प राहिले? खोटं कशाला बोलू. सोंग फुटेल, एवढंच मनात होतं.

लग्नात मी अक्षता टाकल्या. वेणू पाया पडली आणि हळूच म्हणाली, "बाई, ते साहेब कुठी राह्यतात? मले त्याईले एकडाव भेटाचं हाये."

मी म्हटलं, ठाऊक नाही.

किसनाजी शेजारीच उभा होता, माझ्या तोंडाकडे बघत. तेव्हाही त्याने ओळखलं नाही. मला माझ्या सोंगाचा अभिमान वाटला. अजूनही वाटतो.