म्या न्हाय जी

माझी मावशी आमच्या धाराशिवच्या घरी, पुढच्या खोलीत, खिडकीकडं तोंड करून पडून आहे. उजव्या कुशीवर तिला वळता येत नाही. ज्यांच्या लहानपणी टीव्हीवर एकच चॅनल दिसायचं, त्यांना ती आठवत असेल. निदान तिचं वाक्य तरी. दर आठवड्याला एक विनोदी मालिका लागायची, तिच्यातल्या बंगल्यात काहीतरी फुटायचं. मालकीण कमरेवर हात ठेवून विचारायची, "काय मोडलंस गं आज?" आणि कामवाली डोळे गोल करून म्हणायची, "म्या न्हाय जी! कपानंच उडी मारली."

ती कामवाली म्हणजे माझी मावशी.

कधी कपानं, कधी बशीनं, एकदा तर मालकिणीच्या नवऱ्याच्या चष्म्यानं उडी मारली होती. लोक आठवडाभर त्या उडीची वाट बघायचे. आज मला तिच्याकडून एकच गोष्ट हवी आहे. तिला कुठं दुखतंय, ते तिनं मला सांगावं. साधं, माणूस माणसाला सांगतो तसं. ते आता होणार नाही, आणि का होणार नाही ते मला माहीत आहे. आजवर बायकोलाही नीट सांगितलं नव्हतं.

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. माहेर येरमाळ्याजवळचं. लग्न करून मुंबईला गेली, नवरा लवकर वारला, मग ती डबे करून द्यायला लागली. त्यातले काही डबे टीव्हीच्या स्टुडिओत जायचे. एकदा जिन्यात तिच्या हातातल्या डब्यातली आमटी नेमकी दिग्दर्शकाच्या पॅन्टवर सांडली. तो खेकसला. ही घाबरून म्हणाली, "म्या न्हाय जी! झाकणानंच उडी मारली." दिग्दर्शक तसाच, आमटीच्या पॅन्टनं, जिन्यात बसून हसत राहिला. पुढच्या महिन्यात ती टीव्हीवर दिसली.

आमच्या गावात टीव्ही होता विहारात. बुद्धमूर्तीच्या बाजूला एका स्टुलावर ठेवलेला. मालिकेच्या दिवशी सगळी वस्ती तिथं जमायची, शेजारच्या आळीतलेही दाराशी उभे राहायचे. मावशी दिसली की बायका आईला कोपरानं ढोसायच्या. आई पदरात तोंड लपवून हसायची. वडील मात्र हसायचे नाहीत. ते तालुक्याच्या ऑफिसात क्लार्क होते, शर्टाच्या खिशाला पेन लावून जायचे. मावशी सुट्टीला आली की तिला तोंडावर म्हणायचे, "आपली माणसं शिकून ह्यातनं बाहेर पडायलीत, आन तू टीव्हीवर जाऊन भांडी घासायलीस."

"दाजी, भांडी खोटी असतेत तिथली," मावशी म्हणायची. "लागलं तर तुमची घासती, खरी. आना हिकडं."

वडिलांनाही मग हसू यायचं. ते दाबायला ते खोकायचे.

मी तेव्हा दहावीला होतो. शाळा धाराशिवला, राहायला वसतिगृहात. वर्गात काहीही पडलं, खडू, डस्टर, कुणाची वही, की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "म्या न्हाय जी!" आणि सगळा वर्ग माझ्याकडं बघायचा. सर फळ्याकडं तोंड करून हसायचे, खांदे हलताना दिसायचे. ती माझी मावशी आहे ही गोष्ट मीच फुशारकीनं सांगितली होती. पण त्यांना हसू नुसतं मावशीचं येत नव्हतं. मी उभा राहून "सर, म्या वाचतो" म्हणालो, की येत होतं. मग मी 'म्या' सोडलं. 'न्हाय' सोडलं. 'व्हय' सोडलं. रोज एकेक शब्द तोंडातून काढून टाकला. पुढं मराठीचाच प्राध्यापक झालो, म्हणजे किती मुळापासून काढले असतील बघा.

त्या उन्हाळ्यात मावशी आली. दारात रिक्षा थांबली तेव्हापासूनच बोलायला लागली होती, "कसा हाईस रं लेकरा? किती वाळलास! जेवाय घालत न्हाईत का रं तितं?" अंगणात शेजारपाजारचे जमले होते. तिनं तोंड उघडलं की ते हसत होते, आणि मला त्यांच्या हसण्यात माझा वर्ग दिसत होता.

मी म्हणालो, "मावशी, इथं तरी नीट बोल. तुझ्यामुळं लोक मला हसतात."

आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला. मावशीनं रिक्षावाल्याला पैसे दिले. मग पिशवी उचलून घरात जाताना म्हणाली, "बरं. बोलते नीट."

'बोलती' नव्हे, 'बोलते'. मला तेव्हाही ते कळलं होतं. मला बरं वाटलं होतं, हे लिहायला हवं.

त्यानंतर ती माझ्याशी कधीच घरच्या बोलीत बोलली नाही. 'लेकरा'चा 'बाळ' झाला. आईशी चुलीपाशी बोलताना तिची 'हाय-न्हाय' चाललेली असायची, मी उंबऱ्यावर आलो की बंद. जसं घरात कुणी साहेब यावा. आईनं एकदा मला विचारलं, "तिच्याशी काय वाकडं हाय रं तुजं? तू आला की गप का हुती ती?" मी म्हणालो, काही नाही.

ती मालिका संपली तशी तिची कामंही संपत गेली. मिळाली ती सगळी कामवालीची. एकदाच एक गंभीर काम मिळालं होतं. मेलेल्या मुलापाशी बसून रडायचं. ही गोष्ट तिनं आम्हाला जेवताना सांगितली होती, अगदी शुद्ध मराठीत, समोर मी होतो म्हणून. ती म्हणाली, "मी खरीच रडत होते, बाळ. माझे यजमान गेले तेव्हा रडले होते, तशी. पण रडताना तोंडातून निघालं, 'ह्ये माजं लेकरू न्हाय ओ'. त्या 'न्हाय'ला दिवेवाले हसले. मग कॅमेरावाला हसला. मग तो पडलेला मुलगासुद्धा हसला." दिग्दर्शक तिला म्हणाला होता, बाई, तुमचा दोष नाही, तुम्ही तोंड उघडलं की लोकांना हसू येतं. प्रसंग कापला. ही गोष्ट ऐकून आम्ही सगळे हसलो. मुडदा हसला म्हटल्यावर कोण हसणार नाही? तीही हसली, आणि भाकरीचा तुकडा ताटात तसाच ठेवून हात धुवायला उठली.

आई गेल्यावर, मुंबईची खोली सुटल्यावर, मी मावशीला इकडं आणलं. लोक म्हणाले, भाचा असावा तर असा. मीही ते ऐकून घेतलं.

मग तिला विसर पडायला लागला. डॉक्टर म्हणाले, आधी अलीकडचं जाईल, जुनं शेवटपर्यंत राहील. तसंच झालं. मी शिकायला लावलेली भाषा अलीकडची होती, ती आधी गेली. माझ्याशी बोलायला लागली की मधेच शब्द सापडायचा नाही. हात हवेत धरून ती शोधत राहायची, मग म्हणायची, "असू दे." हळूहळू 'असू दे' सुद्धा कमी झालं. गॅलरीत एकटी असली की मात्र वाळत घातलेल्या कपड्यांशी तिची बोलणी चालायची. "वाळ की गं बया. किती येळ लोंबकळायलीस!" मी दारात आलो की गप्प. सगळं विसरली, पण हा आला की नीट बोलायचं, हे विसरली नाही.

आणि मग ती पडली. न्हाणीत, बादलीशेजारी बसलेली सापडली. बायकोनं विचारलं, "मावशी, काय झालं हो?" ती डोळे गोल करून म्हणाली, "म्या न्हाय जी! बादलीनंच उडी मारली." बायको हसली. मी बाहेरून ऐकलं आणि मीही हसलो. किती दिवसांनी ती बोलली, ह्याचा आनंद झाला आम्हाला.

भिंत धरून ती चालत होती थोडी. मग उठेनाशी झाली. मी डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तिला ओळखलं, खुर्चीतून उठून पाया पडले. "आजी, तेवढं एकदा म्हणा की. आमच्या आईला व्हिडिओ पाठवतो." मी मावशीच्या कानाशी वाकून म्हणालो, "म्हण की मावशी." हेही मीच. ती म्हणाली. बाहेर नंबर लावून बसलेले लोकसुद्धा हसले. मग डॉक्टरांनी विचारलं, कुठं दुखतंय? तिनं माझ्याकडं बघितलं आणि नुसती हसली. त्यांनी गुडघा दाबला, गोळ्या लिहून दिल्या, तेल लावा म्हणाले. "वय झालंय सर. एवढी चेष्टा करतात म्हणजे तब्येत ठणठणीत आहे."

घरी आल्यावर तिनं खाणं सोडलं. चादर बदलायला हलवलं की तोंड उघडायची, आवाज यायचा नाही. मी खुर्ची ओढून बसायचो. "मावशी, सांग ना, कुठं दुखतंय?"

"मला काही होत नाही," ती सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवत म्हणायची. "आपण बसा."

आपण. मला. तिच्या बहिणीच्या पोराला.

एका दुपारी माझा धीर सुटला. तिचा हात धरून मी आमच्या बोलीत बोलायला गेलो. "मावशे, कुटं दुखायलंय गं? सांग की. म्या हाय की हितं." इतक्या वर्षांनी तोंडात आलेले ते शब्द मलाच खोटे वाटले. गॅदरिंगला पोरं खेडवळ माणसाची नक्कल करतात, तसे. पण मावशीचा चेहरा बदलला. डोळे गोल झाले. ओठांचा एक कोपरा वर गेला. ती वाट बघायला लागली.

मला कळायला वेळ लागला. ती पुढच्या वाक्याची वाट बघत होती. मालकिणीच्या.

मी उठून उभा राहिलो. पन्नाशी उलटलेला माणूस, कॉलेजात विभागप्रमुख. कमरेवर हात ठेवला आणि आवाज चढवून म्हणालो, "काय मोडलंस गं आज?"

"म्या न्हाय जी!" काय खणखणीत आवाज होता.

"मग कुणी मोडलं?"

तिचा हात चादरीखाली हळूहळू सरकला आणि उजव्या खुब्यावर जाऊन थांबला.

"हाडानं जी," ती म्हणाली. "हाडानंच उडी मारली."

दारात बायको पाण्याचा पेला घेऊन उभी होती. तिला फस्सकन हसू आलं. मग तिनं पेला खाली ठेवला आणि तोंडावर दोन्ही हात दाबले.

एक्स-रे काढला. खुब्याचं हाड मोडलेलं होतं, पडली त्याच दिवशी. ह्या वेळचे डॉक्टर दुसरे होते, ते हसले नाहीत. म्हणाले, फार उशीर केलात. हृदयाला भूल झेपणार नाही, ऑपरेशन करता येणार नाही. घरी न्या, कुशी बदलत राहा, जखमा होऊ देऊ नका.

आता आमचं रोजचं हे चाललंय. ती नीट विचारून काही सांगत नाही. म्हणून मी दर थोड्या वेळानं कमरेवर हात ठेवून ओरडतो. "पाणी कुणी सांडलं गं?" "म्या न्हाय जी, चादरीनंच सांडलं." मग आम्ही चादर बदलतो. "कोण कण्हायलंय गं?" "म्या न्हाय जी, पाठच कण्हायली." मग पाठ बघतो. पाठीला जखम झालीच आहे, आणि ती वाढते आहे. खालच्या मजल्यावरच्या बाई परवा बायकोला म्हणाल्या, "सरांना जरा सांगा हो. म्हाताऱ्या माणसावर एवढं खेकसू नये." बायको काय सांगणार? ती हो म्हणाली.

काल सकाळी ती शांत होती. ऊन तिच्या तोंडावर आलं होतं म्हणून पडदा ओढला, आणि खाली वाकून, आवाज न चढवता, म्हणालो, "मावशे, म्या चुकलो गं. म्याच तुजी बोली बंद केली."

'म्या' ऐकून तिचे डोळे गोल झाले. ओठाचा कोपरा वर गेला. ती थांबली, वाट बघत राहिली. मीही थांबलो. पण त्या मालिकेत मालकिणीनं एकदाही माफी मागितली नव्हती. त्याच्या पुढचं वाक्य तिला कुणी दिलेलंच नव्हतं. ओठाचा कोपरा हळूहळू खाली आला. हात हवेत उचलून तिनं काहीतरी शोधलं, बराच वेळ शोधलं.

"आपण बसा," ती म्हणाली.

मी बसलो. थोड्या वेळानं तिच्या कपाळावर आठ्या पडायला लागल्या, चादरीच्या कडेला बोटं घट्ट आवळली. काहीतरी दुखत होतं. मी उठलो, कमरेवर हात ठेवला.

"काय मोडलंस गं आज?" मी ओरडलो.