आठ बुरूज, बाहेरून

पंचनदरावांच्या मोजणीवहीत कोऱ्या जागा असत. सरकारी बांधकाम खात्यात ही गोष्ट जवळजवळ गुन्ह्यात जमा होती. ओव्हरसियरने जागेवर जाऊन टेपने मोजायचे, लांबी, रुंदी, उंची वहीत लिहायची, खाली 'मी स्वतः मोजले' म्हणून सही करायची, आणि मग ती वही गुणाकार तपासण्यासाठी माझ्यासारख्या कारकुनाकडे यायची. कुंभकोणमच्या कचेरीत मी रुजू झालो त्याच आठवड्यात त्यांची वही माझ्यापुढे आली. साक्कोट्टैच्या वाटेवरच्या एका मोरीची डावी भिंत बारा फूट चार इंच. उजव्या भिंतीपुढे काहीच नाही.

मी वही घेऊन त्यांच्या टेबलाशी गेलो. पंचेचाळिशीचा काटकुळा माणूस, कमरेला चामड्याच्या डबीतली पन्नास फुटी टेप. "उजवी भिंत राहिली," मी तमिळमध्ये म्हणालो.

"तिथे साप होता," तेही तमिळमध्येच म्हणाले.

"नकाशात दोन्ही भिंती सारख्याच आहेत. डावीचा आकडा उजवीला लिहिला तर चालेल."

"नकाशात सारख्या आहेत. पण सापाने काही नकाशा पाहिलेला नाही. गवंड्याने पाहिला असेल, असंही मला वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सायकलने पुन्हा गेले. उजवी भिंत नऊ इंच कमी भरली. कंत्राटदाराला ती वाढवून द्यावी लागली. त्या दिवसापासून मी त्यांना मामा म्हणू लागलो आणि ते मला 'कणक्कप्पिळ्ळै' म्हणू लागले. तमिळमध्ये याचा अर्थ हिशेबनीस. वय वाढले, हुद्दा वाढला, पण हे नाव काही सुटले नाही.

आम्ही दोघेही तंजावरी मराठी घरांतले. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्याबरोबर इकडे आले, राज्य गेले, आम्ही राहिलो. घरात मराठी आणि घराबाहेर तमिळ, असा आमचा रिवाज. चपला काढाव्यात तशी आम्ही तमिळ दाराबाहेर काढतो. मामा आणि मी कचेरीतून बोलत बोलत त्यांच्या घरी जायचो. वाक्य रस्त्यावर तमिळमध्ये सुरू व्हायचे आणि उंबरा ओलांडला की मराठीत संपायचे. हे कोणी शिकवलेले नव्हते. आणि ती मराठी परक्यापुढे बोलायची नाही, हेही कोणी शिकवलेले नव्हते.

मला मात्र ते एकदा शिकवले गेले होते. पुण्याचे एक गृहस्थ काही कामासाठी आमच्या घरी आले, तेव्हा मी हात जोडून "भितर या" म्हणालो. 'आत' या अर्थी आम्ही भितर म्हणतो, आमचे आजे-पणजेही म्हणत. गृहस्थ हसले. म्हणाले, "तुमची मराठी म्हणजे आजोबांच्या पेटीतला अंगरखा हो. बघायला छान, पण घालून बाहेर कसं पडणार?" ते चांगल्या मनानेच बोलले असतील. पण त्यानंतर मी पुस्तके आणून तुमची, म्हणजे पुण्याची, मराठी शिकलो. हे लिहितो आहे ती तीच. तरीही पुण्याचा पाहुणा आला की, तोंडून भितर निसटेल या धास्तीने, मी इंग्रजीत बोलायचो.

मामांना हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "अंगरखा फाटला आहे कीं नाहीं, तें पाहिला कीं तो?"

स्वराज्य येऊन काही वर्षे झाली होती. पुलांच्या कामाचे सहा महिन्यांचे शिक्षण घेण्यासाठी खात्याकडून एक माणूस इंग्लंडला जायचा होता. निवडलेले इंजिनियर आजारी पडले. मोठ्या साहेबांनी विचारले, की डोळे मिटून सही करावी अशी मोजणी कोणाची? कचेरीत एकच नाव निघाले. आमच्या आळीतून तोवर कोणी समुद्र ओलांडला नव्हता. मामींनी अप्पळं म्हणजे पापड, डांगराचे पीठ आणि वाळवलेल्या नार्त्तंगायचे, म्हणजे महाळुंगाचे, लोणचे बांधून दिले. मामांनी सामानात दुसरी टेप ठेवली. म्हणाले, "तेथल्या टेपेचा फूट आपल्याएवढाच असेल, पण पाहिलेलं बरं."

तिकडून त्यांचे मला एक चित्राचे कार्ड आले. वेल्स नावाच्या प्रांतातले कॉन्वे गाव, समुद्राकाठी, आणि पाण्यावर उभा एक जुना, काळा, अवाढव्य किल्ला. मागे मामांच्या अक्षरात: 'बुरूज आठ. मी मोजले.' मी ते कार्ड कचेरीत दाखवले, भजनमठात दाखवले, केशकर्तनालयातही दाखवले. मामा किल्ल्यात जाऊन आले, असे मी सगळ्यांना सांगितले. पंधरा दिवसांत ते किल्ल्यात मुक्कामाला होते अशी बातमी फिरून माझ्याकडेच आली. आकडे तपासणे हा माझा धंदा, पण आठ बुरूज कुठून मोजले हे मी कार्डाला विचारले नाही.

मामा परत आले आणि तीनच आठवड्यांनी पुण्याहून अभ्यासू मंडळींचा एक जथा तंजावरचे जुने मराठी कागद पाहायला येणार असल्याचे कळले. वाटेत एक संध्याकाळ कुंभकोणमला. आमच्या विठोबाच्या भजनमठात त्यांचा सत्कार करायचे ठरले. मठाचे अध्यक्ष वकील नागोजीराव. त्यांनी मला बोलावून सांगितले, "पंचनदराव त्या किल्ल्यावर बोलतील. भाषण इंग्रजीत. आपल्या बोलीत नको, लोक हसतील. तू लिहून दे."

मी मन लावून लिहिले. कॉलेजच्या वाचनालयातल्या एका जाड ग्रंथात त्या किल्ल्याची माहिती मिळाली. आतला दरबाराचा दिवाणखाना सव्वाशे फूट लांब. मी तोही घातला. चार पाने सुवाच्य अक्षरात घेऊन कार्यक्रमाच्या दुपारी मामांच्या घरी गेलो.

त्यांनी पहिले पान वाचले, दुसरे वाचले, आणि बोट ठेवले. "सव्वाशे फूट. हें कोण मोजला?"

"पुस्तकात आहे, मामा."

"मग पुस्तकाला बोलायला बोलाव. मी किल्ल्याभितर गेलोंच नाहीं."

अख्ख्या आळीला मी सांगून बसलो होतो. दोनशे माणसे येणार होती. मी म्हणालो, "मामा, पुण्याचे लोक काही तिथे जाऊन मोजणार नाहीत. एवढी दोन वाक्यं वाचा. नाहीतर आमची मान खाली जाईल."

"सुम्मा भरूं नको, राजा," ते म्हणाले. सुम्मा म्हणजे उगाच. मोजणीवहीतली जागा कोणी अंदाजाने भरू लागला की ते नेहमी हेच म्हणत. "कोरं आहे तें कोरं दिसूं दे." त्यांनी माझी चारही पाने घडी घालून कोटाच्या खिशात ठेवली. मला वाटले, निदान इंग्रजी तरी माझी वापरतील.

संध्याकाळी मंडप भरला. पहिल्या रांगेत पाहुणे, मागे आमची माणसे, खांबांच्या पलीकडे बायका. नागोजीरावांनी इंग्रजीत ओळख करून दिली आणि परदेशातला किल्ला आतून पाहिलेले आपले पहिले गृहस्थ, असे सांगून खाली बसले. मामा उठले. खिशाला हातही लावला नाही.

"मी किल्ल्याभितर गेलों नाहीं," ते म्हणाले.

पहिल्या रांगेत खसखस पिकली, ती 'भितर'वर. मागे कुजबुज झाली, ती 'नाहीं'वर. नागोजीरावांनी माझ्याकडे पाहिले. मी सतरंजीची वीण पाहू लागलो.

"बाहेरून पाहिलों. बुरूज आठ. मी त्या गांवाला पूल पाहायला गेलों होतों. साखळ्यांचा पूल, किल्ल्याच्या पायाशींच. तो पाहून झाला तेव्हां एक वाजला. किल्ला मग पाहूं म्हणून गांवांत शिरलों. गांवाभोंवती दगडी कोट. तेवढ्यांत पाऊस आला. कोटाला टेकून एक लहान घर होतं. तेथची म्हातारी दार उघडली आणि भितर ये म्हणली."

"भितर ये," पहिल्या रांगेतल्या एका तरुण पाहुण्याने हळूच म्हणून दाखवले.

मामा त्याच्याकडे वळले. "होय. भितर. तुम्ही काय म्हणतां?"

"आम्ही? आत म्हणतो."

"बरं. तुम्ही आंत या. आम्ही भितर येतों. घर एकच आहे."

तो तरुण मागे सरकला. त्याच्या शेजारचे चष्मेवाले वयस्कर गृहस्थ मात्र पुढे सरकून बसले.

"चुलीपाशीं ती आणि तिची लेक बोलत होत्या," मामा पुढे सांगू लागले. "मी उंबरा ओलांडलों आणि त्यांची भाषा बदलली. इंग्रजी सुरू झालं. मला हें बरोबर कळलं. शेजारचा पिळ्ळै दारांत आला कीं आपण अस्कि असंच करतों." अस्कि म्हणजे सगळे. "मी सांगटलों, आई, माझ्यासाठीं बदलूं नका. ती म्हणली, तुला आमची वेल्श कळणार नाहीं. मी सांगटलों, न कळूं दे. मी पण माझ्या घरची बोलतों. मग ती तिच्यांत बोलली, मी माझ्यांत बोललों. पाऊस पडत होता तोंवर, दोन तास."

मागून कोणीतरी विचारले, "कळलं काय?"

"किटली उकळली तेव्हां ती एक शब्द म्हणली. मी 'उकळलं' सांगटलों. दोघं हसलों. तो एक जमला. बाकीचं कोरं."

आता हसू आले ते सगळ्या मंडपातून.

"निघतांना विचारलों, हा कोट तुमचा कीं? ती म्हणली, आमचा नव्हे. इंग्रजांचा राजा बांधला, आमचीं माणसं बाहेर ठेवायला. आमच्या लोकांना याच्या भितर राहायची मनाई होती. आतां मी त्याला दोरी बांधून कपडे वाळवतें, आणि माझ्या आईची भाषा बोलतें. मग घड्याळ पाहिलों. गाडीला वीस मिनिटं. किल्ला राहिला."

ते पाणी प्यायले.

"तंजावरास आपले वाडवडील आले ते कोटाभितरचे धनी म्हणून. आतां कोट नाहीं, राज्य नाहीं. राहिली ती चुलीपाशींची ही बोली. त्या म्हातारीचीं माणसं कोटाबाहेरचीं, ती माझ्यापुढें उघड बोलली. आपण कोटांतले, आणि पाव्हणा आला कीं लपवतों. मला इंग्रजींत बोलायला सांगटले होते. किल्ला पाहिलों असतों तर बोललों असतों. मी एक घर पाहिलों. घराचं सांगायला घरची भाषा लागते." एवढे बोलून ते बसले.

चष्मेवाले गृहस्थ उठले आणि त्यांनी अगदी आदबीने विचारले, "त्या गावच्या तटाची उंची साधारण किती असेल हो?"

"मोजलों नाहीं," मामा बसल्या जागेवरून म्हणाले.

तेवढ्यात खांबापलीकडून एक चिरका आवाज आला. नागोजीरावांच्या आई, ऐंशीच्या घरातल्या. चार माणसांत त्यांचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. "अरे पंचू, ती म्हातारी किटलींत काय उकळली? कापी कीं?"

"चहा, अक्का."

"दूध भितरच घातली कीं वरून?"

"वरून."

"बरं," अक्का म्हणाल्या. "आणि लेकीचं लग्न झालं होतं कीं?"

"तें विचारलों नाहीं."

"दोन तास बसलास आणि तेवढं विचारला नाहींस. तुझी मोजणी ती काय?"

मंडपात एकच हशा उसळला. आईने पाहुण्यांपुढे तोंड उघडले म्हणून नागोजीराव ओशाळतील असे मला वाटले होते, पण तेच सगळ्यांत मोठ्याने हसत होते. मग इकडून तिकडून प्रश्न येऊ लागले. सवयीने मी मोजले. अकरा प्रश्न. त्यांतले नऊ आमच्या बोलीत, भर मंडपात, पाहुण्यांदेखत. तो तरुण पाहुणा जाताना मामांच्या पाया पडला की नाही, असे मला पुष्कळांनी नंतर विचारले. नाही पडला. नुसता नमस्कार करून गेला. आमच्यातल्या कोणाचेही तिकडे लक्ष नव्हते, कारण मंडप रिकामा झाल्यावरही आमची माणसे रस्त्यावर उभी राहून बोलत होती, आणि तमिळवर यायचे विसरली होती.

परतताना मी म्हणालो, "मामा, चूक माझी. कार्डावर आठ बुरूज वाचून मी तुम्हाला आत घातलं."

"बुरूज बाहेरूनच मोजायचे असतात, कणक्कप्पिळ्ळै," ते म्हणाले. "भितरून चार दिसतात कीं पांच, कोण सांगावं?" मग खिशातून माझी चार पाने काढून त्यांनी परत दिली. "अक्षर चांगलं आहे. पाठकोरीं आहेत. वापर."

त्यानंतर तीन वर्षे ते माझ्याशी कचेरीतही मोठ्याने मराठीत बोलत. पहिल्या दिवशी सगळ्यांनी माना वर केल्या. दुसऱ्या आठवड्यात शिपाई शण्मुगम "बरं आहे कीं?" विचारू लागला. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी मामा अरसलार नदीच्या काठावरच्या एका कामाची मोजणी घेऊन आले, अंगात ताप आहे म्हणून घरी गेले, आणि नवव्या दिवशी वारले. वही रिवाजाप्रमाणे माझ्याकडे आली. सात आकडे होते, आठव्यापुढे कोरे. नवीन ओव्हरसियर म्हणाला, नकाशातून घालू. मी वही मिटली आणि त्याला टेप दिली. ती मामांचीच होती, मामींनी मला दिलेली. असा माणूस आमच्या कचेरीत होऊन गेला, आमच्या आळीत राहिला आणि माझ्याशी चेष्टेने बोलला, याचा मला जो अभिमान आहे त्याचा आकडा मी काढलेला नाही.

गेल्या महिन्यात पुण्याहून एक अधिकारी बदलून आले. एका रविवारी ते पत्ता विचारत माझ्या दारी आले. मी उठून पुढे झालो. इंग्रजी शब्द जिभेवर तयार होते, पुस्तकातली मराठीही होती.

"भितर या," मी म्हणालो.

गृहस्थ उंबऱ्यापाशी थबकले. मी काही दुरुस्ती केली नाही. मग त्यांनी चपला काढल्या आणि ते भितर आले.