माळावरचा अज्ञात इसम

ते प्रकरण अजून डोक्यातून गेलेलं नाही, आणि जावं अशी माझी इच्छाही नाही. नोकरीत चोर पुष्कळ पाहिले. पण स्वतःविरुद्धचे साक्षीदार स्वतःच्याच गाडीत बसवून आणणारा एकच भेटला.

श्रीगोंदा तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी संपत होती, तेवढ्यात एक ठेकेदार आत आला. पांढरेशुभ्र कपडे, मागे दोन माणसं, हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत स्टॅम्पपेपर.

"साहेब, चोरीची फिर्याद घ्या. माझा मुरूम चोरीला चाललाय."

"कोण चोरतंय?"

"एक बाई. तिच्याच रानातनं."

ठाणे अंमलदाराने पेन खाली ठेवलं. मी मात्र खुर्ची पुढे ओढली. असं नाटक ठाण्यात रोज लागत नाही.

हकीगत अशी होती. बाईचा नवरा ट्रकवर ड्रायव्हर, महिना महिना बाहेर. माळाच्या कडेला तिची लिंबाची बाग. काही वर्षांपूर्वी ठेकेदाराने तिच्याकडून कागद करून घेतला होता: 'या गटातील मुरूम व दगड कायमचा विकत दिला.' म्हणजे जमीन बाईची आणि जमिनीच्या पोटातलं सगळं ह्याचं! आता बाग वाळायला लागली म्हणून तिने विहीर खोदायला घेतली आणि निघालेला मुरूम बागेतल्या वाटेवर पसरला. लगेच ह्याने विहिरीतला मुरूम वर ओढणारी यारी बंद पाडली. आतला खडा न खडा माझा आहे, म्हणाला. खोदायचंच असेल तर आधी जमीन माझ्या नावावर कर. डोळा कशावर होता ते वेगळं सांगायला नको.

दुपारी त्याच्यासाठी एक वजनदार फोनही आला. "साहेब, जरा समज द्या."

"देतो की. त्यासाठीच बसलोय," मी म्हणालो. कोणाला, ते पलीकडून कोणी विचारलं नाही.

बाईला बोलावून घेतलं. मातीने माखलेल्या पायांनी आली, पदर खोचलेला, आणि बाकावर ऐसपैस बसली.

"ताई, कागदावरची सही तुमचीच?"

"व्हय, माजीच. टेकाड सपाट करून देतो म्हनला हुता. सपाट कुटलं, ह्यो मोटा खड्डा केला! आता म्हंतोय हीर खंदू नको. मी खंदनार, साहेब. तुमी बेड्या घाला, बेड्या घालून खंदीन. बाग जळाली तर दुसरं हाय काय माज्याकडं?"

हवालदार माझ्या कानाशी आले. "साहेब, तो खड्डा म्हणजे आपल्याकडे तपासावर आहे तोच."

मला आठवलं. महसूल खात्याने त्याच खड्ड्याबद्दल विनापरवाना उत्खननाची तक्रार दिली होती. आरोपी, 'अज्ञात इसम'. हा अज्ञात इसम अख्ख्या गावाला त्याच्या आवडत्या तंबाखूसकट ठाऊक होता. फक्त साक्ष द्यायला कोणी पुढे येत नव्हतं. बाईने तलाठ्याला नाव सांगितलं होतं, पण ती एकटी आणि तिचीच त्या कागदावर सही.

मी तहसीलदारांना फोन लावला. कायदा त्यांना माझ्यापेक्षा चांगला माहीत. सातबारा कोणाच्याही नावावर असो, एखाद्या जुन्या सनदेत वेगळं लिहिलेलं नसेल तर आपल्याकडे जमिनीखालच्या खनिजावर हक्क सरकारचा. बाईकडे जे नव्हतंच ते तिने विकलं होतं आणि ह्याने विकत घेतलं होतं. विहिरीतून निघालेला मुरूम स्वतःच्याच रानात पसरायला मात्र कोणाची हरकत नव्हती.

आता राहिली विचारपूस. ठेकेदाराला चहा पाजला आणि चेहरा जमेल तेवढा बावळट केला.

"एक अडचण आहे. चोरी म्हणायची तर माल आधीपासून तुमच्या ताब्यात होता हे दाखवावं लागतं. तुमची वहिवाट आहे का तिथं?"

"हाय म्हंजे? चार वर्षं मीच काढतोय!"

"साक्षीदार?"

"माझे ड्रायव्हर आणतो की. लई आणतो."

"मग उद्या जागेवरच या."

पोलिसापुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, म्हणून जागेवर माझ्याआधी तहसीलदार आणि दोन पंच उभे होते. ठेकेदार ड्रायव्हरांना गाडीत बसवून, जेसीबी आणि डंपरसकट आला. वहिवाट दिसायला हवी ना! खड्ड्याच्या काठावर हात पसरून, एखादा राजा मुलूख दाखवतो तसा, तो दाखवत गेला. इथून सुरुवात केली, हा रस्ता डंपरसाठी केला, तो कोपरा परवाच काढला. ड्रायव्हर माना डोलवत होते. कारकून लिहीत होता. पंचनाम्यावर सगळ्यांनी झोकात सह्या केल्या.

मग तहसीलदारांनी शांतपणे विचारलं, "उत्खननाचा परवाना?"

ठेकेदाराने पिशवीतला स्टॅम्पपेपर काढून पुढे धरला.

"परवाना कशाला? माझ्याकडं खरेदीचा कागद हाय!"

"कागद असू द्या. मुरूम सरकारचा आहे."

अज्ञात इसम अखेर सापडला. जेसीबी आणि डंपर जप्त होऊन ठाण्याच्या आवारात लागले. संध्याकाळी तोच वजनदार आवाज फोनवर ओरडला, "साहेब, हे काय करून ठेवलंत?"

"समज दिली," मी म्हणालो. पुढे बदली झाली. होऊ दे. बिस्तरा बांधायची सवय होतीच.

कागद हातात आला की माणूस तो वाचत नाही, दाखवत फिरतो, हे मला त्या खड्ड्याने शिकवलं. लिहून देणाऱ्याचं ते मुळात होतं का, हे कोणीच विचारत नाही. दम भरणारा तर नाहीच नाही. त्याचा सगळा भरवसा समोरच्याच्या घाबरण्यावर. ती बाई घाबरली नाही, इथेच त्याचं गणित फसलं.

बदलीआधी मी विहिरीवर गेलो. पाणी लागलं होतं. म्हटलं, ताई, एक सांगायचं राहिलं. मुरूम त्याचा नाही, तसा तुमचाही नाही.

"माजा बी न्हाई?" कळशी वाकवून तिने तांब्या भरला आणि माझ्या हातात दिला. "ऱ्हाऊ द्या सरकारला. तुमी पानी प्या. ह्याचा मालक म्हनून कुनी आला, तर त्याला बी बघू."

ते गढूळ पाणी मी उभ्याउभ्या संपवलं.