बिरुमामांचे दोन थेंब

"अठ्ठावीस!"

मी मशीन पुसलं, पुन्हा मोजलं. अठ्ठावीसच. बिरुमामांच्या उजव्या डोळ्याचं प्रेशर काही केल्या उतरत नव्हतं. डावा काचबिंदूने आधीच गेला होता, त्यामुळे जे काय होतं ते या एकाच डोळ्यात.

डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं आणि बारीक जाळीतून बाहेर पडतं. जाळी तुंबली की प्रेशर वाढतं, मागची नस सुकते. गेलेली नजर परत येत नाही. औषधाचे ड्रॉप्स प्रेशर उतरवून उरलेली नजर राखतात. मामांना मी दोन वेगवेगळे ड्रॉप्स दिले होते. फरक पडायलाच हवा होता.

"मामा, थेंब रोज टाकता ना?"

"व्हय की! एक दीस चुकला न्हाई. ही टाकती." शेजारी बसलेल्या सखूमामींनी जोरात मान हलवली.

आमच्या विश्रामबागच्या हॉस्पिटलमधले सीनियर सर फाइल बघून म्हणाले, "ड्रॉप्स फेल. ऑपरेशनला घ्या."

ऑपरेशन म्हणजे त्या पाण्याला नवी वाट काढून देणं. मामांनी एवढंच विचारलं, "मग मेंढरामागं कवा जाऊ?"

"महिनाभर तरी धुळीत जायचं नाही."

"आमच्याकडं धूळ सोडून दुसरं काय हाय?" मामा म्हणाले. त्यांच्या एकुलत्या डोळ्यावर ब्लेड लावायला माझंही मन होत नव्हतं.

काय वाटलं कोण जाणे, मी डोळे ओले ठेवणाऱ्या साध्या ड्रॉप्सच्या दोन बाटल्या मामींच्या हातात दिल्या. "मला टाकून दाखवा."

मामींनी पदर खोचला. नवऱ्याला खाली बसवलं, त्यांचं डोकं गुडघ्यांत आवळलं, पापण्या फाकवल्या. एका बाटलीचा थेंब, लगेच दुसऱ्या बाटलीचा, आणि वरून पदराने खसाखसा पुसलं. सगळा कारभार डोळ्याचं पातं लवायच्या आत!

"दोन्ही एकदम?"

"आवं बाई, मेंढरू एकदा धरलं की सगळी औषदं दिऊनच सोडायचं. पुन्यांदा कोन पकडत बसतंय?"

मी खुर्चीतून उठून थेट सरांच्या केबिनमध्ये घुसले. "सर, थांबा! ड्रॉप्स फेल नाहीत. औषध डोळ्यात राहतच नाहीये!"

"लॉटरी लागल्यासारखी काय ओरडतेस?" सगळं ऐकून मात्र तेही हसले. मग म्हणाले, "पुढच्या तपासणीपर्यंत थांबू. लक्ष ठेव, डोळा एकच आहे."

डोळ्यात एका वेळी जेमतेम एक थेंब मावतो. दुसरा लगेच टाकला की तो पहिल्याला घेऊन गालावर उतरतो. मामींना सांगितलं, "पहिला थेंब टाका. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा हलका दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. मग चहा ठेवा. चहा पिऊन झाला की दुसरा. आणि पुसायचं फक्त गालावरचं."

"चा मला बी मिळंल नव्हं?" मामांनी खात्री करून घेतली.

पुढच्या तपासणीला मी मामांना मशीनसमोर बसवलं. आकडा आला. सोळा! मी एवढ्या मोठ्याने ओरडले, की बाहेरचे पेशंट दारात जमा झाले. ऑपरेशन रद्द.

"थेंब रोज टाकता ना?" हे मी आजही विचारते, आणि सगळे "हो" म्हणतात. खरंच टाकत असतात. म्हणून आता "कसे टाकता?" हे विचारत नाही, बाटली हातात देते.