नावलन मास्टरांचा सदरा

पाक्कियम म्हणजे भाग्य. मुल्लैत्तीवूच्या किनाऱ्यावर लेकीचं हे नाव ठेवणाऱ्या आईबापांना थट्टेची भारी हौस असणार, असं ती स्वतःच म्हणायची. नवरा मासे धरायला गेला तो परतलाच नाही. पुढे लढाई मागे लागली आणि गाव सोडून पळायची वेळ इतक्यांदा आली की मोजणं तिनं सोडून दिलं. दर वेळी तिनं दोनच गोष्टी सोबत नेल्या, हातानं फिरवायचं शिलाई मशीन आणि मुलगी निरोजिनी.

लढाईच्या शेवटच्या आठवड्यांत ती मात्तळनच्या किनाऱ्यावर वाळूत बसून साड्यांची पोती शिवत होती. त्यांत वाळू भरायची आणि खंदकाभोवती रचायची. गोणपाट कधीच संपलं होतं, सुती साड्याही संपल्या, तेव्हा बायका कूरै, म्हणजे लग्नातली रेशमी साडी, घेऊन आल्या.

"काठ आत घालू की बाहेर?" पाक्कियम विचारायची. "बाहेरच ठेवते. तोफेच्या गोळ्याला कळू दे, खानदानी घर आहे."

बायका हसायच्या आणि हसता हसता रडायला लागायच्या. मग ती खेकसायची, की डोळे पुसा, कापड भिजतंय.

समोर समुद्रात नौदलाची जहाजं ओळीनं उभी होती. मागे खाडी, आणि खाडीपलीकडे सरकारचं लष्कर. लष्करानं विमानातून कागद टाकले होते की ही जागा सुरक्षित आहे. त्याच सुरक्षित जागेत गोळे पडत. "बिचाऱ्यांना स्वतःचंच लिहिलेलं वाचता येत नसेल," पाक्कियम म्हणायची. मधल्या वाळूत वेगळ्या देशासाठी लढणाऱ्या चळवळीची पोरं. त्यांनी खाडीकाठी मातीचा बांध घातला होता आणि त्यांच्या बंदुका दोन्हीकडे तोंड करून होत्या, येणाऱ्या लष्कराकडे आणि पळणाऱ्या आपल्याच माणसांकडेही. त्याला ती पोरं जनतेचं रक्षण म्हणत.

हे सगळं समजावून सांगायला नावलन मास्टर होते. चळवळीचे या भागातले प्रमुख. मोठे वक्ते. गाव पडलं की दुसऱ्या दिवशी त्यांचं भाषण ठरलेलं.

"अक्का, ही माघार नाही, हा डाव आहे. शत्रूला आत ओढतोय आपण."

"ओढा, ओढा. माझ्या चुलीपर्यंत आलाय आता. पेज वाढू का त्याला?"

"काल आपल्या पोरांनी दोन जहाजं बुडवली."

"हो का? मग आज ती वाळत घातलेली दिसतायत वाटतं पाण्यावर."

पेजेच्या रांगेतली माणसं खाली मान घालून हसली. मास्टर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते दोन बंदूकधारी मुली घेऊन परत आले, कारण प्रत्येक घरातून एक मूल चळवळीला द्यायचं होतं.

"घरटी एक, अक्का. उद्या इतिहास तुला विचारेल."

"मला कशाला? तुमचा मुलगा कॅनडात काय करतो ते विचार म्हणावं आधी!"

निरोजिनीला त्यांनी दंडाला धरून ओढत नेलं. पाक्कियम बांधापर्यंत शिव्या देत मागे धावली. पोरीची वेणी तिथेच कापली. चळवळीत गेलेल्या मुलीचे केस असेच मानेवर कापत. तेवढी लांबसडक वेणी मुठीत धरून ती परत आली. त्या दिवशी तिनं मशीनला हात लावला नाही.

मग लष्करानं बांध फोडला आणि नौदलानं किनारा आवळला. इतिहास घडवणाऱ्यांनी गणवेश वाळूत पुरायला सुरुवात केली. नावलन मास्टर लुंगी नेसून, उघड्या अंगानं पाक्कियमच्या खंदकाशी आले.

"अक्का, एक सदरा शिवून दे. साधा."

"डाव संपला वाटतं? आधी माझी पोर आणा."

त्यांनी आणली. चिखलानं भरलेली, मानेवर केस कापलेली, पण जिवंत. पाक्कियमनं तिला आधी एक थोबाडीत दिली, मग छातीशी धरलं. मग एका पोत्यातली वाळू उपसून तिनं त्या साडीचा सदरा शिवला. जांभळ्या कापडावर पिवळी फुलं.

"फुलाफुलांचा?" मास्टर म्हणाले.

"जिवंत माणसाला काहीही शोभतं. घाला."

त्यांनी निमूट घातला आणि गर्दीत मिसळले. मायलेकी छातीभर पाण्यातून खाडी ओलांडून गेल्या. मशीन मागेच राहिलं.

पलीकडे लष्कराचा कर्णा ओरडत होता की चळवळीत एक दिवस जरी काढला असेल तरी बाजूला या. पाक्कियमनं पोरीच्या कापलेल्या केसांवर ओला पदर घट्ट ओढला. पुढे सगळ्यांना एका बाकासमोरून जायचं होतं. बाकावर पोतं पांघरलेला माणूस, डोळ्यांपाशी दोन भोकं. असा माणूस सगळ्यांना ठाऊक होता, पकडलेल्यांतलाच एक, चळवळीतली माणसं ओळखून द्यायला बसवलेला. त्यानं मान हलवली की शिपाई समोरच्याला वेगळ्या बसमध्ये घालत. ती बस कुठे जाते ते कोणी सांगत नसे.

पोत्याखालून जांभळा सदरा दिसत होता.

पाक्कियमला आधी हसूच आलं. "वा मास्टर! इथेही प्रमुखच का?"

शिपायानं निरोजिनीचा पदर मागे सारला. पोतं हललं. होकारार्थी.

हसू तोंडातच मेलं. आयुष्यभर सगळ्यांना टोचून बोललेली ती बाई बाकासमोर चिखलात पडली आणि तिनं त्या माणसाचे पाय धरले.

"मास्टर, तुम्हीच नेलं होतं तिला. ओढून नेलं होतं, एवढं तरी सांगा यांना. मी बोलले ते सगळं खोटं. तुम्ही मोठे आहात. फार मोठे आहात तुम्ही. एकदा नाही म्हणा."

पोत्यातल्या माणसानं पाय बाकाखाली ओढून घेतले. शिपायांनी निरोजिनीला बसकडे नेलं, पाक्कियमला दंडाला धरून बाजूला केलं, आणि बाकावरच्या माणसाच्या खांद्यावर थाप मारली. पुढची मुलगी समोर उभी राहिली होती. पोतं पुन्हा हललं.