लॅमिनेशन केलेलं मिठागर

ये गं, अशी जवळ बस. दारातून काय बोलतेस? आणि हे काय, मोबाइलला कव्हर, कव्हरवर प्लास्टिक, चष्म्याच्या डबीला पिशवी? कशाला हात म्हणून लागू द्यायचा नाही तुम्हाला. तुला रागावत नाहीये. म्हणजे रागावतेय, पण राग दुसऱ्याच घरचा आहे. ऐक.

मी मण्यांची कार्डं करते, पत्त्यातल्या पानाएवढी. एका जुन्या फोटोच्या चौकटीला खिळे ठोकले, त्यावर उभे धागे ताणले, झाला माझा माग. शिकवलं कोणी नाही. सुईत मण्यांची ओळ घ्यायची, धाग्यांखालून सरकवायची, बोटाने वर दाबायची, की एकेक मणी दोन धाग्यांच्या मधे बसतो. मग सुई त्याच मण्यांतून परत आणायची, पण धाग्यांच्या वरून. ही परतीची सुई एक धागा जरी चुकली, तर मणी खाली लोंबतो. पहिल्या महिन्यात माझे मणी घरभर होते, भातात पण सापडले. तयार झालेली पट्टी जाड पुठ्ठ्यावर शिवली की कार्ड झालं.

हा उद्योग ताईसाठी सुरू केला. माझी थोरली बहीण, कामोठ्याला मुलाकडे असते. काचबिंदूने तिची नजर गेली. फोनवर ती बोलत नाही, नुसतं "हां, हां" करते. मग ठरवलं, हिला बोटांनी वाचता येईल असं काहीतरी पाठवू. सपाट विणलेल्या मण्यांवर वरून जाड मणी शिवायचे. तीन जाड मणी ओळीत म्हणजे मी बरी आहे. कोपऱ्यात एकच म्हणजे गुडघा दुखतोय. तिला सांगावं लागलं नाही, दुसऱ्याच कार्डाला तिने ओळखलं. भाचा ऑफिसातून येताना माझ्याकडे डोकावायचा, ताईचा निरोप सांगायचा आणि कार्ड घेऊन जायचा.

मग मी आमचं मिठागर केलं. बापाचं. आता तिथे गोदामं आहेत, कंटेनर उभे असतात. पाण्याचे चौकोन निळ्या मण्यांत, बांध तपकिरी, आणि बांधावर मिठाच्या राशी, पांढऱ्या जाड मण्यांच्या. एका राशीपाशी दोन बारीक मणी चिकटून शिवले. त्या आम्ही दोघी. दीड महिना लागला. पाठवलं, आणि ताईकडून काही शब्द नाही. सणाचे दिवस गेले, तरी निरोप नाही. शेवटी मीच रिक्षा करून गेले.

शोकेसमध्ये होतं माझं मिठागर, कपबश्यांच्या शेजारी. लॅमिनेशन केलेलं!

भाच्याची बायको कौतुकाने सांगते, "मावशी, झेरॉक्सवाला नाहीच म्हणत होता. मशीनमध्ये दोनदा अडकलं, मग जाड प्लास्टिक घालून दाबून काढलं. आईंचा तेलाचा हात लागतो ना, मळलं असतं."

"मळू दे की! मळायलाच केलंय ते!"

"अहो, टिकायला नको का? येणारे-जाणारे विचारतात, कोणी केलं म्हणून."

राशींचा चुरा झाला होता. मणी काचेचे, मशीनच्या रुळाखाली दुसरं काय होणार? मी ते ताईच्या हातात दिलं. तिने अंगठा फिरवला, उलटं केलं, परत फिरवला.

"काय गो ह्या? रेशनकार्ड हाय का?"

सून हसली. मी नाही हसले. म्हटलं, "ताई, हेच मी पाठवलं होतं. आपलं आगर."

"मना वाटला तू आता कंटालली," ती म्हणाली. "कोनी दिलाच नाय माज्या हातान."

अगं, इतके दिवस ती बाई समजत होती की बहिणीने आपल्याला टाकलं! आणि कार्ड तिच्यापासून चार पावलांवर, काचेआड, पाहुण्यांना दाखवायला. ती पोरगी वाईट नाही, वेळेवर औषध देते, गरम भाकरी देते. म्हणून तर जास्त संताप येतो. ज्या बाईला बोटंच डोळे आहेत, तिची वस्तू तिच्याच हाताला लागू न देता जपायची? विचारलं का तिला कोणी? माझ्या तोंडून बरंच निघालं. भाचा म्हणाला, "मावशी, एका कार्डावरून?" त्यालाही दोन शब्द सुनावले. दुसऱ्या दिवशी फोन करून मी माफी मागितली नाही, आणि मागणारही नाही.

ताईला त्याच रिक्षात बसवून इकडे पनवेलला आणलं. ती आत बसलीये बघ, माग मांडीवर घेऊन. धागे तीच ताणते, नखाने छेडून बघते, सैल असला की मला शिव्या घालते. नवीन आगर निम्मं झालंय, राशी तिच्या सांगण्यावरून. माझी एक रास म्हणे चुकीच्या बांधावर होती.

पुरं झालं की ये. लवकर ये, तिला न्यायला येतील त्याच्या आधी. हातांनी बघायचं असतं ते, तिच्याकडून शीक. आणि हात तेलाचे असले तरी चालतील.