न विचारलेली तारीख

प्रयोगशाळेत तिला सगळे काचताई म्हणत. शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचा, कोमट पाण्यावर तरंगवायचा आणि अलगद काचपट्टीवर उचलून घ्यायचा, हे तिचं काम. मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणत, काचताईच्या हातात धुकं दिलं तरी ती त्याचे काप करील.

तिचा एकच हट्ट असे. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा आला की सोबत शेवटच्या पाळीची तारीख हवीच. अस्तर रोज बदलतं. तारखेशिवाय ते बघणं म्हणजे अंधारात सुई ओवणं. तारीख नसली की ती वॉर्डात फोन करून नर्सला फैलावर घेई. विचारायला जीभ झिजते का तुमची, म्हणे. नर्सा पाठीमागे तिला पाळीवाली सासू म्हणत. ते तिच्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडलंही होतं.

तिची धाकटी बहीण शिवणकाम करी. आई लवकर गेल्यामुळे काचताईनंच तिला लहानाची मोठी केली, लग्नही लावून दिलं. संसार मार्गी लागतोय तोच धाकटी जिन्यावरून घसरली. पाठीचं ऑपरेशन झालं, पण दुखणं काही हटेना. मग अफूच्या जातीच्या कडक गोळ्या सुरू झाल्या, थोडे दिवस म्हणून. ते थोडे दिवस संपेचनात, कारण चिठ्ठी संपत आली की काचताई ओळखीच्या डॉक्टरांना गळ घाले. धाकटी कुरकुरली तर म्हणे, दुखणं अंगावर काढल्याबद्दल कुणी बक्षीस देत नाही, घे गपचूप.

त्याच सुमारास एक तरुण संशोधक डॉक्टर प्रयोगशाळेत आले. त्यांनी काचताईकडून अस्तराचे काप खास रंगात रंगवून घेतले. सूक्ष्मदर्शकाखाली जागोजागी तपकिरी छटा उमटली. ही कुलपं आहेत, त्यांनी समजावलं. वेदना शमवणारं द्रव्य शरीर स्वतःच तयार करतं, त्याच्या किल्लीची ही कुलपं. अफूची किल्लीही यांत बसते. मेंदूत बसली की बीजकोशांकडे जाणारा निरोप दबतो, पाळी थांबते. इथे अस्तरात ती काय करते, तेच शोधायचंय. काचताईनं मान डोलावली आणि पुढचा काप उचलला. तिच्या पिशवीत तेव्हा धाकटीच्या गोळ्यांची नवी पट्टी होती.

पुढे एका सकाळी अस्तराची एक बाटली आली. वर नुसता नंबर, तारीख नाही. काचताईनं फोन उचलला तर नर्स वैतागून म्हणाली, बाई बाहेर बाकावरच बसल्यात, तुम्हीच विचारा. ती तरातरा बाहेर गेली.

"शेवटची पाळी कधी..." तिनं विचारायला सुरुवात केली. बाकावर धाकटी होती.

"तीन वर्षं झाली, ताई," धाकटी म्हणाली. "आधी वाटलं, बरंच झालं, एक कटकट गेली. आता आम्हाला मूल हवंय."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू का नाही विचारलंस? परक्या बायकांसाठी नर्सांशी भांडतेस की."

काचताई आत परतली. तो तुकडा तिनं कापला नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईला दिला.

वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी धाकटीच्या गोळ्या एकदम न तोडता हळूहळू उतरवल्या. पाठ ठणकायची, धाकटी भिंतीला टेकून मशीन चालवायची. काही महिन्यांनी तिचा फोन आला. "आली गं ताई." दोघी हसल्या, रडल्या. दुपारी काचताईनं सगळ्या टेबलांवर पेढे वाटले, आणि कशाचे ते कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर काही वर्षं दर महिन्याला तोच फोन येई आणि त्याच शब्दांनी दोघींचं तोंड उतरे. आली म्हणजे मूल नाही.

मग एका महिन्यात फोन आलाच नाही. दुसऱ्या महिन्यातही नाही. काचताई मनात मांडे खायला लागली होती. तिनं लोकर आणली, कोणता रंग घ्यावा म्हणून दुकानात कितीतरी वेळ उभी राहिली. शेवटी न राहवून तिनंच फोन लावला.

पलीकडे शिवणयंत्र थांबलं.

"चुकलीय, पण तशी नाही," धाकटी म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. म्हणतात, आता वयामुळे बंद होतेय. माझी जरा लवकरच गेली म्हणे." मग समजूत घालावी तशा आवाजात, "पण या वेळी तू विचारलंस हो, ताई."

यंत्र पुन्हा सुरू झालं. फोन कानाला तसाच धरून काचताई कितीतरी वेळ तो आवाज ऐकत राहिली.